ॲक्शन प्लॅनची एक्सेल: ओळ बंद कधी करायची, हे आधी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीतला साठेक माणसांचा मशीनिंगचा कारखाना, दुचाकीचे सुटे भाग बनवणाऱ्या मोठ्या सप्लायरला माल जातो. क्वालिटी विभागात ‘ॲक्शन प्लॅन’ नावाची एक एक्सेल आहे. दोन वर्षांत तिच्यात १८० ओळी झाल्या, त्यातल्या १४० ‘क्लोज्ड’ आहेत, तरी त्याच त्या तक्रारी फिरून येतात. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात सगळे बसून ती भरतात, एरवी कोणी उघडत नाही. आता शीट नव्याने कशी रचावी, कोणते कॉलम घ्यावेत, की सरळ एखादं सॉफ्टवेअर विकत घ्यावं?

सॉफ्टवेअर आत्ता घेऊ नका. जी शिस्त फुकटच्या शीटमध्ये बसली नाही, ती दर महिन्याला पैसे भरून बसत नाही. नव्याचे नऊ दिवस लॉगिन होतात, मग परत ऑडिटच्या आदल्या आठवड्यात पासवर्ड शोधायची धावपळ. आणि कॉलमही वाढवू नका. तुमचं दुखणं तुम्हीच दिलेल्या आकड्यांत आहे: १४० ओळी बंद आणि तक्रारी चालू. म्हणजे तुमच्याकडे काम उरकलं की ओळ बंद होते. समस्या संपली का, हे विचारणारी जागाच त्या शीटमध्ये नाही.

नमुना म्हणून तुम्ही पाठवलेली ओळच घेऊ (बोअर म्हणजे भागातलं गोल भोक, ते मापापेक्षा मोठं झालं; प्लग गेज म्हणजे ते भोक तपासायचा ठरलेल्या मापाचा दांडा; क्यूए म्हणजे क्वालिटी विभाग):

‘बोअर ओव्हरसाइज. ऑपरेटरला ट्रेनिंग दिले, १०० टक्के तपासणी सुरू केली, प्लग गेज मागवले. जबाबदारी: प्रॉडक्शन/क्यूए. टार्गेट: तातडीने. स्टेटस: क्लोज्ड.’

या एका ओळीत तीन कृती आहेत, ऑल्ट-एंटर मारून एकाच सेलमध्ये कोंबलेल्या. तिन्हींची जात वेगळी. १०० टक्के तपासणी हा तात्पुरता बांध आहे, खराब माल बाहेर जाऊ नये म्हणून घातलेला. तो कधीतरी काढायचा असतो. गेज मागवणं ही खरेदी आहे. ते येऊन मशीनवर लागेपर्यंत काहीच बदललेलं नाही. आणि ट्रेनिंग... त्याच्याकडे पुढे येतो. या तिघांना मिळून एक स्टेटस कसं देणार? ट्रेनिंग झालं, तपासणी सुरू झाली, गेज अजून यायचं होतं. पण तीनपैकी दोन झाल्यावर कोणीतरी ‘क्लोज्ड’ निवडलं. गेज आलं की नाही हे आज तुमच्या शीटवरून सांगता येत नाही.

म्हणून पहिलं काम: दोन शीट करा. एकीचं नाव ‘समस्या’, दुसरीचं ‘कृती’. समस्येच्या शीटमध्ये एका समस्येला एक ओळ आणि एक क्रमांक, उदाहरणार्थ स-०४१. कृतीच्या शीटमध्ये एका कृतीला एक ओळ आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ती कोणत्या समस्येसाठी आहे तो क्रमांक. एका समस्येखाली पाच कृती असतील तर पाच ओळी. प्रत्येकीला तिचा माणूस, तिची तारीख. बाकी सगळं यावर उभं राहतं.

यामागे एक जुनं कारण आहे. १९७९ मध्ये ॲपल टू वर व्हिसिकॅल्क आलं तेव्हापासून स्प्रेडशीट हे हिशेबाचं साधन आहे. एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलावेत, एवढ्यासाठी ते जन्मलं. ‘ही सगळी ओळ मिळून एक नोंद आहे’ हे त्याला मुळात कळत नाही, त्याच्या लेखी प्रत्येक सेल सुटा. म्हणून कोणी एकच कॉलम निवडून सॉर्ट केला की एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर जातं. एक्सेलमध्ये कंट्रोल-टी दाबून यादीचं टेबल केलं, तर निदान सॉर्ट सगळ्या ओळीला घेऊन होतो आणि नवी ओळ जोडल्यावर फॉर्म्युले आपोआप खाली येतात. एवढी एक गोष्ट तरी आजच करा.

आता समस्या लिहायची कशी. ‘बोअर ओव्हरसाइज’ हे दोषाचं नाव झालं. समस्या अशी लिहा: ‘२५ एच-७ बोअर (२५.००० ते २५.०२१ मि.मी.) कस्टमरकडे २५.०२८ पर्यंत भरला. ४०० च्या लॉटमध्ये ९ नग. सगळे सीएनसी-३ चे, दुसऱ्या पाळीचे. सीएनसी-१ वर तोच पार्ट चालतो, तिथे एकही नाही.’ (एच-७ ही भोकाच्या मापात किती फरक चालेल याची खूण, सीएनसी म्हणजे संगणकाने चालणारं मशीन.) शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं. दोष कुठे आहे हे सगळे लिहितात. जिथे तो असू शकला असता पण नाही, ते कोणी लिहीत नाही, आणि कारणाचा माग बहुतेक वेळा तिथूनच लागतो. मी समस्येच्या शीटमध्ये यासाठी दोन कॉलम ठेवतो: ‘कुठे आहे’ आणि ‘कुठे नाही’. दुसरा रिकामा असेल तर ती ओळ बैठकीत घेत नाही.

या उदाहरणात सीएनसी-३ आणि सीएनसी-१ मध्ये फरक काय? समजा शोधल्यावर असं निघालं: सीएनसी-३ वर इन्सर्ट (कापणारं बदलतं पातं) ऑपरेटर स्वतः बदलतो, सीएनसी-१ वर सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा माणूस, बदलतो. नवा इन्सर्ट बसवला की त्याचं टोक जुन्याच्या जागी तंतोतंत येत नाही, काही शतांश मिलिमीटर इकडेतिकडे होतं. टोक त्रिज्येत जेवढं सरकतं त्याच्या दुप्पट फरक व्यासात दिसतो. आपली सगळी सवलत, म्हणजे मापात चालणारा फरक, २१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सेटर इन्सर्ट बदलल्यावर पहिला नग मोजून ऑफसेट (टोकाच्या जागेचा मशीनला दिलेला आकडा) दुरुस्त करतो. ऑपरेटर करत नाही, कारण मोजायचं साधन क्यूए रूममध्ये आहे आणि तिथे जाऊन यायला दहा मिनिटं लागतात. उत्पादनाचा आकडा मात्र त्याच्या नावावर लागतो.

आता ट्रेनिंगकडे बघा. त्या ऑपरेटरला काय शिकवणार होतात? पहिला नग मोजावा हे त्याला माहीत आहे. न मोजण्याचं कारण त्याच्या डोक्यात नाही, शॉप फ्लोअरच्या मांडणीत आहे.

ऑटोमोबाइलवाल्यांकडे कारण दोन बाजूंनी विचारतात: दोष घडला का, आणि घडल्यावर आपल्या हातून सुटला का. फोर्डने १९८७ मध्ये ज्याचं मॅन्युअल काढलं ती आठ पायऱ्यांची एट-डी पद्धत आज तुमचा कस्टमर तुमच्याकडून भरून मागतो, त्यातही या दोन बाजू वेगळ्या मांडाव्या लागतात. म्हणून समस्येच्या शीटमध्ये ‘का घडलं’ आणि ‘का सुटलं’ असे दोन कॉलम ठेवा, प्रत्येकात एकच वाक्य. पाच वेळा ‘का’ विचारल्याची अख्खी साखळी मुख्य शीटमध्ये आणू नका. ती एट-डीच्या फाइलमध्ये राहू द्या आणि इथे फक्त त्या फाइलची लिंक द्या. मुख्य शीट लांबलचक झाली की आडवं सरकवत बसावं लागतं, आणि आडवं सरकवावी लागणारी शीट बैठकीत कोणी वाचत नाही.

त्याच्या शेजारी माझा आवडता कॉलम: ‘कारण सिद्ध कसं केलं’. बहुतेक कारखान्यांत कारण मतदानाने ठरतं. सहा जण टेबलाभोवती बसतात आणि सर्वांत मोठ्या आवाजाच्या माणसाचं कारण शीटमध्ये जातं. इथे सिद्ध करणं सोपं होतं: त्याच मशीनवर इन्सर्ट काढा, नवा बसवा, ऑफसेटला हात न लावता पाच नग काढा आणि मोजा. बोअर हद्दीबाहेर गेला तर कारण पकडलं. नाही गेला तर परत शोधा. दोष मुद्दाम घडवून दाखवता आला पाहिजे. हे जमत नसेल तिथे ‘अजून सिद्ध नाही’ असं स्वच्छ लिहा. त्यात कमीपणा नाही.

कृतीच्या शीटचे कॉलम मोजके: समस्या क्रमांक, कृती, प्रकार, माणूस, पहिली टार्गेट तारीख, आजची टार्गेट तारीख, प्रत्यक्ष झाल्याची तारीख, पुरावा, पडताळणी कशी करणार, पडताळणी झाल्याची तारीख, पडताळणी कोणी केली, स्टेटस. बारा झाले. यातल्या काहींवर थोडं थांबतो, बाकीचे नावावरून कळतात.

‘प्रकार’ हा कॉलम बहुतेक शीटमध्ये नसतो. त्यात चारच पर्याय ठेवा: सांगितलं, लिहिलं, तपासणी वाढवली, चूक होऊच नये अशी सोय केली. ट्रेनिंग, तंबी, टूलबॉक्स टॉक (कामाआधी उभ्याउभ्या दिलेल्या सूचना) हे सगळं ‘सांगितलं’मध्ये. वर्क इन्स्ट्रक्शन बदललं, बोर्ड लावला, हे ‘लिहिलं’. गेज मशीनवर दिलं आणि इन्सर्ट बदलल्यावर पहिला नग मोजून सही करायचा तक्ता लावला, ही ‘तपासणी’. आणि कंट्रोलरच्या टूल-लाइफ काउंटरवर ठरलेले नग झाले की मशीन थांबतं आणि पहिल्या नगाची ओके नोंद झाल्याशिवाय पुढचं सायकल सुरूच होत नाही, ही चौथी जात. शॉपमध्ये आपण तिला पोका-योके म्हणतो.

हा कॉलम तीन महिने भरला की एक पिव्होट टेबल (एक्सेलने आपोआप मोजणी करून दिलेला तक्ता) टाका: प्रकार उभा, संख्या आडवी. बहुतेक ठिकाणी ‘सांगितलं’चा ढीग सगळ्यांत उंच निघतो, आणि परत आलेल्या तक्रारींच्या मागेही तीच जात असते. मालकासमोर भाषण देण्यापेक्षा हा एक तक्ता ठेवा. फिक्स्चरसाठी (भाग मशीनवर नेमका पकडणाऱ्या साधनासाठी) पैसे मागायला याहून चांगला कागद मला सापडलेला नाही.

‘माणूस’ म्हणजे एकच माणूस. ‘प्रॉडक्शन/क्यूए’ म्हणजे कोणीच नाही. मदतीला दहा जण असू देत, पण बैठकीत तारखेबद्दल बोलायचं एकाने. नावं हाताने टाइप करू देऊ नका. डेटा व्हॅलिडेशनने (सेलमध्ये ठरलेली नावंच निवडता येतील अशा सोयीने) यादी द्या, नाहीतर ‘पाटील’, ‘पाटील सर’ आणि ‘एस. पाटील’ अशी एकाच माणसाची तीन माणसं होतात आणि फिल्टर लावला की त्याची निम्मी कामं गायब. एक खाच इथे आहे: बाहेरून कॉपी-पेस्ट केलं की व्हॅलिडेशन मुकाट्याने पुसलं जातं. म्हणून महिन्यातून एकदा त्या कॉलमचा फिल्टर उघडून यादीवर नजर टाका, भलतं नाव लगेच दिसतं.

माणसांच्या यादीशेजारीच काउंटइफ्सने (अटींत बसणाऱ्या ओळी मोजणाऱ्या फंक्शनने) प्रत्येकाच्या उघड्या कृती मोजा. मेंटेनन्सच्या एकाच माणसावर सतरा कृती असतील तर त्या सतराही तारखा खोट्या आहेत, हे त्यालाही माहीत असतं आणि तुम्हालाही.

तारखा. पहिली टार्गेट तारीख एकदा लिहिली की कधीही बदलायची नाही. तारीख पुढे ढकलायची तर ‘आजची टार्गेट’मध्ये ढकला. नाहीतर होतं काय, दर बैठकीत जुनी तारीख खोडून नवी लिहिली जाते आणि वर्षभर रेंगाळलेली कृती शीटवर कायम ‘पुढच्या आठवड्यात’ दिसते, लाल कधी होतच नाही. दोन तारखांमधलं अंतर मोजलं की कोणत्या प्रकारची कामं आपल्याकडे नेहमी लांबतात ते कळतं. माझ्या पाहण्यात खरेदी आणि बाहेरून करून घ्यायची कामं सगळ्यांत जास्त सरकतात, त्यामुळे त्यांची पहिली तारीखच मी सढळ धरतो.

तारीख ठरवताना तुमची सुट्टी गुरुवारची आहे हे विसरू नका. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीतल्या बऱ्याच कारखान्यांचं तसंच आहे. एक्सेलचं साधं वर्कडे किंवा नेटवर्कडेज हे फंक्शन शनिवार-रविवार सुट्टी धरतं, म्हणजे तुमचे दोन कामाचे दिवस खातं आणि सुट्टीच्या दिवशी काम लावतं. त्या दोन्हींचा ‘इंटल’ शेपटीचा भाऊ वापरा (वर्कडे.इंटल, नेटवर्कडेज.इंटल). त्यात सुट्टीचा प्रकार विचारतात तिथे १५ टाकलं की फक्त गुरुवार सुट्टी. (११ टाकलं तर फक्त रविवार.) त्यापुढे सणवारांच्या तारखांची एक छोटी यादी जोडा. गणपती आणि दिवाळीच्या आठवड्यात किती कृती ‘पूर्ण’ होणार होत्या ते मग आपोआप उघड होतं.

तारीख टाइप करताना ठिपके देऊ नका. संगणकाची सेटिंग भारताची असेल तर १५-०३ किंवा १५/०३ वर्षासह लिहिलं की ती तारीख होते, १५.०३ वर्षासह लिहिलं की नुसतं अक्षर म्हणून बसतं आणि ‘उशीर’च्या हिशेबात धरलंच जात नाही. ओळखायची खूण: खरी तारीख सेलच्या उजव्या कडेला जाते, अक्षर डावीकडे राहतं. उलटा प्रकार पार्ट नंबरचा. ३-१२ असा पार्ट नंबर टाकला की एक्सेल त्याची ३ डिसेंबर करून टाकतं. पार्ट नंबरचा कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवा. आणि झाल्याची तारीख घालायला टुडे फंक्शन वापरू नका. आज बरोबर दिसेल, उद्या सकाळी ती तारीख उद्याची झालेली असेल. कंट्रोल धरून अर्धविरामाचं बटण दाबलं की आजची तारीख कायमची बसते.

आता स्टेटस. हा कॉलम कोणालाही हाताने भरू देऊ नका, तो फॉर्म्युल्याने येऊ द्या. क्रम असा: पडताळणीची तारीख भरलेली असेल तर ‘बंद’. नसेल, पण झाल्याची तारीख भरलेली असेल तर ‘पडताळणी बाकी’. तीही नसेल आणि टार्गेट रिकामं असेल तर ‘तारीख नाही’. टार्गेट उलटून गेलं असेल तर ‘उशीर’. बाकी सगळं ‘चालू’. इफ एकात एक घालून होतं, अवघड काही नाही. ‘तारीख नाही’ची पायरी ‘उशीर’च्या आधी ठेवा, कारण रिकामी सेल एक्सेलच्या लेखी शून्य असते, शून्य आजच्या आधीच येतं, आणि ज्यांना अजून तारीखच दिली नाही त्या सगळ्या ओळी पहिल्याच दिवशी लाल दिसू लागतात. मग लोक लालकडे बघायचं सोडतात.

रंगही फॉर्म्युल्यानेच द्या, कंडिशनल फॉरमॅटिंगने. हाताने पिवळा-हिरवा भरलेला रंग काउंटइफ्सला दिसत नाही, आणि पिवळ्याचा अर्थ ज्याला माहीत होता तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. मर्ज केलेले सेल पूर्ण काढा. सॉर्ट आणि फिल्टर तिथेच मोडतात.

‘पडताळणी बाकी’ आणि ‘बंद’ यांच्यामधली जागा हाच तुमच्या १४० ओळींचा खरा प्रश्न. कृती झाली, आता ती लागू पडली हे कसं कळणार? पुष्कळ ठिकाणी एक ठरलेलं वाक्य असतं: ‘३० दिवस तक्रार आली नाही.’ ते कधी पुरेसं असतं, कधी निव्वळ फसवं, आणि फरक साध्या हिशेबाने कळतो.

बोअरचंच घ्या. इन्सर्ट दर २०० नगांना बदलतो, दोन पाळ्यांत मिळून दिवसाला चार बदल. इन्स्पेक्शन रजिस्टर चाळल्यावर असं दिसलं, की साधारण ४० बदलांत एकदा बोअर हद्दीबाहेर जायचा. आता गेज दिलं, तक्ता लावला. पुढचे २० बदल स्वच्छ गेले. जिंकलो का? नाही. काहीही न बदलता नुसतं बसून राहिला असतात तरी २० बदल स्वच्छ जाण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होती. संख्याशास्त्रात यासाठी तीनचा नियम म्हणतात: दोष ज्या गतीने यायचा त्याच्या तिप्पट संधी दोषाशिवाय गेल्या, तर जवळपास ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं की पूर्वीची गत आता राहिली नाही. ४० त एक, तर ४० गुणिले ३, म्हणजे १२० इन्सर्ट बदल. दिवसाला चार या हिशेबाने ३० कामाचे दिवस, गुरुवार वगळता पाच आठवडे.

म्हणून ‘पडताळणी कशी करणार’ या कॉलममध्ये दिवस नको, संधी लिहा: ‘सीएनसी-३ वर १२० इन्सर्ट बदल, प्रत्येकानंतरचा पहिला नग हद्दीत.’ हे कृती ठरवताना लिहायचं, झाल्यावर नव्हे. जो दोष तीन महिन्यांतून एकदा येतो त्याच्याबाबत ३० दिवसांची शांतता काहीच सांगत नाही. अशा ठिकाणी नऊ महिने ओळ उघडी ठेवायची तयारी हवी, किंवा वर म्हटल्याप्रमाणे दोष मुद्दाम घडवून तो आता अडतो का, हे बघायला हवं. पोका-योके असेल तर दुसरा मार्ग फार स्वस्त: खराब नग मुद्दाम घाला, मशीन थांबतं का बघा, झालं.

पडताळणी कृती करणाऱ्याने करायची नाही. हा नियम मात्र कडक ठेवा. ज्याने गेज लावलं तोच ‘गेज लागलं’ म्हणून ओळ बंद करतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याच्या दृष्टीने त्याचं काम झालेलं असतं. क्यूएचा माणूस किंवा पुढच्या टप्प्यावरचा माणूस, जो तो पार्ट हातात घेतो, त्याची सही हवी.

समस्येची ओळ कधी बंद होते? तिच्याखालच्या सगळ्या कृती बंद झाल्यावर, आणि आणखी एका कॉलमचं उत्तर आल्यावर: ‘इतरत्र लागू’. ज्याला आपण हॉरिझॉन्टल डिप्लॉयमेंट म्हणतो ते. ऑपरेटर स्वतः इन्सर्ट बदलतो अशी आणखी किती मशीन आहेत? तुमच्याकडे आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं क्वालिटीचं मानक) असेल तर त्यातलं कलम १०.२.३ नेमकं हेच मागतं: तात्पुरता बांध, मूळ कारण, तशाच इतर प्रोसेसचा विचार, परिणामाची पडताळणी आणि पीएफएमईए (प्रोसेसमध्ये काय काय चुकू शकतं त्याचा तक्ता), कंट्रोल प्लॅन (काय, कसं तपासायचं त्याचा तक्ता) यांमध्ये बदल. शीट अशी चालवली तर ऑडिटच्या आदल्या आठवड्यात वेगळं काही भरावं लागत नाही.

एक गोष्ट या दोन शीटच्या जोडणीबद्दल. स्प्रेडशीट चुकली तर ओरडत नाही. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ पॉझिटिव्ह रुग्ण सरकारी आकड्यांतून आणि संपर्क शोधण्याच्या यादीतून राहून गेले. जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात, पुढच्या नोंदी गळल्या आणि कोणालाही वेळीच इशारा मिळाला नाही. तुमच्या ओळी काही शेकड्यांत असतील, ती मर्यादा तुम्हाला लागणार नाही. पण मुकाट्याने गळायचा धोका तोच. कृतीत कोणी स-०४१ ऐवजी स-४१ लिहिलं की ती कृती अनाथ झाली. समस्येच्या ओळीतून बघणाऱ्याला ती दिसणारच नाही आणि तो समस्या बंद करेल. म्हणून कृतीच्या शीटच्या डोक्यावर एक सेल ठेवा: ज्यांचा समस्या क्रमांक समस्येच्या यादीत सापडत नाही अशा ओळींची संख्या. ती शून्य असली पाहिजे. नसेल तर बैठक तिथून सुरू.

बैठक आठवड्यातून एकदा, वीस मिनिटं, उभ्याने, शुक्रवारी सकाळी, म्हणजे सुट्टी नुकतीच झालेली असते आणि आठवडा समोर असतो. फिल्टर लावून फक्त ‘उशीर’, ‘तारीख नाही’ आणि पुढच्या सात दिवसांतल्या ओळी घ्या. १८० ओळी पहिलीपासून वाचायला बसलात तर चाळिसाव्या ओळीला वेळ संपतो, आणि शेवटच्या ओळी दोन वर्षांत एकदाही वाचल्या जात नाहीत. टाइप एकाने करायचं, तिथल्या तिथे, सगळ्यांना दिसेल असं. ‘मिनिट्स नंतर पाठवतो’ हा प्रकार बंद. आणि प्लांट हेड हजर पाहिजे. तो सलग तीन वेळा आला नाही की बाकीच्यांना समजायचं ते समजतं.

ऑपरेटर एक्सेल उघडणार नाहीत, त्यांच्याकडून ती अपेक्षाही नको. त्यांच्या मशीनशी संबंधित उघड्या ओळी ए-३ कागदावर छापून बोर्डावर लावा.

एक्सेल की गूगल शीट्स? एकाच वेळी चार जण भरणार असाल तर गूगल शीट्स सोयीचं. प्रत्येकाला स्वतःचा फिल्टर लावता येतो, दुसऱ्याचं दिसणं बिघडत नाही, आणि पहिल्या टार्गेटचा कॉलम फक्त तुम्हालाच बदलता येईल असा राखून ठेवता येतो. एक्सेलमध्ये तोच कॉलम लॉक करायला शीट प्रोटेक्ट केली तर टेबल खाली वाढायचं थांबतं, नवी ओळ जोडता येत नाही, मग कोणीतरी वैतागून पासवर्ड फळ्यावर लिहून ठेवतं. कंपनीत मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर फाइल वनड्राइव्हवर ठेवा आणि व्हर्जन हिस्टरीवर भिस्त ठेवा. तारीख कोणी बदलली ते तिथून काढता येतं. ईमेलवरून ‘फायनल-२-नवी’ नावाच्या फाइली फिरत असतील तर मात्र वर लिहिलेल्या कशाचाच उपयोग नाही.

राहिली जुनी फाइल. ती नव्या शीटमध्ये कॉपी करू नका. उघड्या ४० ओळी ज्याच्या त्याच्या समोर ठेवा आणि विचारा: हे अजून हवंय का? निम्म्या तिथेच गळतील. उरलेल्या नव्या पद्धतीने, समस्या वेगळी आणि कृती वेगळी, परत लिहा. खरा माल बंद झालेल्या १४० मध्ये आहे. पार्ट नंबर आणि दोष या दोन कॉलमवर सॉर्ट करा आणि जी जोडी दोनदा किंवा जास्त वेळा आली ती बाजूला काढा. या प्रत्येक जोडीची नव्या शीटमध्ये एक समस्या करा आणि तिथे ‘आधी काय केलं होतं’ असा कॉलम फक्त या ओळींसाठी जोडून जुन्या कृती जशाच्या तशा चिकटवा. एकाच दोषावर तीनदा ‘ऑपरेटरला ट्रेनिंग दिले’ असं एकाखाली एक दिसलं की चौथ्यांदा कोणी ते सुचवत नाही. जुनी फाइल पुसू नका. कस्टमर किंवा ऑडिटर मागचे रेकॉर्ड मागू शकतो. तिच्या नावात बंद केल्याची तारीख घाला, रीड-ओन्ली करा आणि नव्या शीटमधून तिची लिंक द्या.